पंपावरचा बायपास की बीटिंग हार्ट: मूत्रपिंड आधीच अशक्त असताना निवड कशी करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचे वय 67, मधुमेह वीस वर्षांपासून, सोबत रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) 1.9, अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही धमन्यांमध्ये गंभीर अडथळे आणि हृदयाची पंपिंग क्षमता 45 टक्के. एका शल्यचिकित्सकांनी बीटिंग हार्ट, म्हणजे हृदय चालू ठेवून बायपास करण्याचा सल्ला दिला आहे. दुसऱ्यांनी हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे पंपावर शस्त्रक्रिया करू असे सांगितले आहे. किडनी वाचवायची तर कोणती पद्धत घ्यावी आणि नंतर डायलिसिस मागे लागेल का, हे आपण विचारले आहे. हृदय-शस्त्रक्रियांसाठी भूल देणारा डॉक्टर म्हणून मी दोन्ही पद्धती टेबलाच्या डोक्याशी उभा राहून बरीच वर्षे पाहत आलो आहे, आणि त्या अनुभवाला उपलब्ध संशोधनाची जोड देऊन हे उत्तर लिहितो आहे.

सरळ उत्तर असे की, बीटिंग हार्ट पद्धतीने शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मूत्रपिंडाला होणारी इजा काही प्रमाणात कमी होते, आणि ज्यांचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे त्यांच्यात हा फायदा अधिक दिसतो. मात्र वर्षभरानंतर मोजले तर दोन्ही गटांतील मूत्रपिंडांचे काम जवळपास सारखेच भरते. त्यामुळे केवळ किडनीसाठी म्हणून, ज्या शल्यचिकित्सकाचा हात पंपावरच्या शस्त्रक्रियेत बसलेला आहे त्याच्याकडून बीटिंग हार्टचा आग्रह धरून बायपास करवून घेऊ नये. वडिलांच्या मूत्रपिंडाचे पुढे काय होणार, हे पंप वापरला की नाही यापेक्षा शस्त्रक्रियेच्या आधीचा आठवडा, शस्त्रक्रियेतील रक्तदाब व हिमोग्लोबिन आणि नंतरचे चार-पाच दिवस यांवर जास्त ठरते. माझे हे मत कशावर आधारलेले आहे ते आता सांगतो.

आधी त्या 1.9 या आकड्याविषयी. 67 वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन 1.9 असेल तर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण 38 येतो, म्हणजे मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराचा तिसरा टप्पा, आणि त्यातलाही खालचा भाग. वडील कृश असतील, मांड्या-दंडांचे स्नायू झडलेले असतील, तर खरी क्षमता याहूनही कमी असू शकते, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही तपासणी करून घेतली तर चित्र स्पष्ट होते. लघवीतील अल्ब्युमिन मोजलेले नसेल तर तेही मोजावे. ज्याच्या लघवीतून प्रथिन जाते त्याला शस्त्रक्रियेनंतर इजा होण्याचा धोका जास्त असतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र हा आहे की 1.9 हा आकडा दोन वर्षांपासून स्थिर आहे की अँजिओग्राफीनंतर 1.4 वरून 1.9 झाला आहे. या दोन माणसांचे कागद सारखे दिसले तरी त्यांचा धोका सारखा नसतो. म्हणून जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) या तिघांसमोर ठेवावेत.

बायपासमध्ये मूत्रपिंडाला त्रास का होतो, हे समजले की पुढचे सारे समजते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांना मिळतो, पण त्यातला बहुतांश बाहेरच्या थरात फिरतो. आतल्या थरातल्या सूक्ष्म नलिका क्षार परत शोषून घेण्याचे कष्टाचे काम करत असतात आणि तरीही तिथे प्राणवायूचा दाब निरोगी माणसातही अवघा 10 ते 20 मिलिमीटर असतो. हा थर कायम काठावर जगतो. रक्तदाब थोडा वेळ घसरला, रक्त पातळ झाले, रक्तवाहिन्या आकसल्या, की पहिला मार या थराला बसतो. मधुमेह आणि रक्तदाबाने ज्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड झाल्या आहेत, त्यांच्या मूत्रपिंडात दाब कमी झाल्यावर आपला रक्तप्रवाह सांभाळून घेण्याची शक्तीही उरलेली नसते. निरोगी माणसाला सरासरी रक्तदाब 60 चालून जातो. वडिलांसारख्या रुग्णाला तो पुरेलच असे नाही.

पंपावरच्या शस्त्रक्रियेत हृदय औषधाने थांबवले जाते आणि त्याचे व फुप्फुसांचे काम यंत्र करते. जॉन गिबन यांनी 1953 मध्ये असे यंत्र माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरले, आणि 1967 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपासची शस्त्रक्रिया रूढ केल्यानंतर पंप हाच तिचा आधार बनला. यंत्राच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर (रक्तात प्राणवायू मिसळणारा भाग) भरायला एक ते दीड लिटर द्रव लागतो. तो रुग्णाच्या रक्तात मिसळला की हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. शस्त्रक्रियेपूर्वी 10 असलेले हिमोग्लोबिन पंप सुरू झाल्यावर काही मिनिटांत 7 वर आलेले आम्ही नेहमी पाहतो. त्यातच यंत्राचा प्रवाह नाडीसारखा ठोके देणारा नसून संथ असतो, नळ्यांच्या पृष्ठभागाशी संपर्क आल्याने शरीरभर दाह उसळतो, काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतून मोकळे झालेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिकांना अपायकारक ठरते. शेवटी शरीर पुन्हा गरम करताना घाई झाली आणि रक्ताचे तापमान 37 अंशांच्या वर गेले, तर त्याचीही किंमत मूत्रपिंडाला मोजावी लागते. या सगळ्याहून एक कारण वेगळे आहे, ते म्हणजे महाधमनीला लावायचा चिमटा. जिच्या भिंतीवर चुना आणि चरबीचा थर साचला आहे अशा महाधमनीवर चिमटा बसला की थराचे सूक्ष्म कण सुटतात आणि मेंदूप्रमाणेच मूत्रपिंडातही जाऊन अडकतात. जुना मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्यांच्या महाधमनीत असा थर बहुधा असतोच.

हे वाचून आपल्याला वाटेल की मग प्रश्न सुटलाच; पंप नको. पण बीटिंग हार्ट पद्धतीचे स्वतःचे धोके आहेत, आणि ते रुग्णाच्या नातेवाइकांना क्वचितच सांगितले जातात. ही पद्धत नवी नाही. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव यांनी 1964 मध्ये छातीतील मॅमरी धमनी जोडली होती ती धडधडत्या हृदयावरच. पुढे 1980 च्या दशकात अर्जेंटिनात बेनेट्टी आणि ब्राझीलमध्ये बुफोलो यांनी तिला पुन्हा चालना दिली. भारतात ती फार मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली, आणि ऑक्सिजनेटर व नळ्यांच्या एकदाच वापरायच्या संचाचा खर्च वाचतो हेही त्यामागचे एक कारण आहे.

टेबलावर प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. हृदयाच्या पुढच्या बाजूची धमनी जोडताना फारशी अडचण येत नाही. चूषण-पेल्यांचा स्थिरक हृदयाचा रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढा भाग धरून ठेवतो आणि टाके पडतात. पण मागच्या बाजूच्या धमनीसाठी हृदयाचे टोक छताच्या दिशेने उचलून धरावे लागते. तसे केले की उजवा कप्पा दुमडतो, रक्त आत येणे कमी होते आणि मॉनिटरवर 110 दिसणारा वरचा रक्तदाब एका मिनिटात 75 वर येतो. मी टेबल डोक्याच्या बाजूने खाली करतो, सलाइन आणि रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढवतो, आणि दाब तरीही सावरला नाही तर सर्जनना हृदय खाली ठेवायला सांगतो. दोन-तीन मिनिटे थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ज्या सर्जनांना या पद्धतीची पूर्ण सवय आहे ते माझ्या सांगण्याआधीच थांबतात. सवय नसेल तर दाब 70 वर असताना टाके पुढे चालू राहतात, आणि त्या अर्ध्या तासात मूत्रपिंडाचे जे नुकसान होते ते पंपावर झालेही नसते. त्यातही सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे हृदय बंद पडू लागल्यामुळे ऐनवेळी घाईघाईने पंपावर जावे लागणे. ठरवून पंपावर केलेली शस्त्रक्रिया आणि अशी ऐनवेळची धावाधाव यांच्या परिणामांत फार मोठे अंतर आहे, आणि मूत्रपिंड निकामी होण्याच्या घटना दुसऱ्या प्रकारात अधिक घडतात.

आता संशोधन काय सांगते ते पाहू. या विषयावरची सर्वांत मोठी चाचणी म्हणजे 'कॉरोनरी'. तीत 19 देशांतील 4752 रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे यादृच्छिकपणे दोन गटांत विभागले होते आणि त्यात भारतातील केंद्रेही होती. सहभागी सर्जनांना त्या त्या पद्धतीच्या शंभरहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव असणे ही अट होती, आणि ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. 30 दिवसांनंतर मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि नव्याने डायलिसिस लागणे यांची एकत्रित बेरीज बीटिंग हार्ट गटात 9.8 टक्के आणि पंपाच्या गटात 10.3 टक्के होती, म्हणजे व्यवहारात सारखीच. रक्त चढवण्याची गरज बीटिंग हार्ट गटात स्पष्टपणे कमी होती. पाच वर्षांनंतरही एकूण परिणामांत फरक आढळला नाही.

याच चाचणीतील 2932 रुग्णांच्या मूत्रपिंडांचा वेगळा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर त्यातच आहे. 30 दिवसांच्या आत क्रिएटिनिन निम्म्याहून अधिक वाढण्याचे प्रमाण बीटिंग हार्ट गटात 17.5 टक्के आणि पंपाच्या गटात 20.8 टक्के होते. मूत्रपिंड आधीपासून अशक्त असलेल्यांमध्ये हे अंतर आणखी रुंद होते. इथवर पाहिले तर बीटिंग हार्टची बाजू वरचढ. परंतु वर्षानंतर ईजीएफआर वीस टक्के किंवा अधिक घटलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 17.1 आणि 15.3 टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नाही, आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्यांमध्येही तो अर्थपूर्ण ठरला नाही. याचा अर्थ असा की पंपामुळे क्रिएटिनिनला जी जास्तीची उसळी मिळते ती बऱ्याच अंशी तात्पुरती असते. तरीही ती क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही, कारण आयसीयूतील प्रत्येक जास्तीचा दिवस, अंगावरची सूज आणि लांबलेला व्हेंटिलेटर हे सारे 67 वर्षांच्या मधुमेही माणसाला जड जाते. पण एखादी पद्धत आयुष्यभरासाठी किडनी वाचवते, असा दावा या आकड्यांवरून करता येत नाही.

दुसरी बाजू अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या 'रूबी' चाचणीने दाखवली. 2203 रुग्णांच्या या चाचणीत वर्षभरानंतर केलेल्या अँजिओग्राफीत बीटिंग हार्ट गटातील 82.6 टक्के ग्राफ्ट, म्हणजे बायपाससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या, चालू होते, तर पंपाच्या गटातील 87.8 टक्के; पाच वर्षांनंतरचे मृत्यूही बीटिंग हार्ट गटात अधिक होते, 15.2 टक्के विरुद्ध 11.9 टक्के. या चाचणीवर टीका झाली ती मुख्यतः सर्जनांच्या अनुभवावरून, आणि माझ्या मते ती टीकाच तिचा मुख्य निष्कर्ष आहे: कमी सवयीच्या हातात ही पद्धत दिली की ग्राफ्ट कमी बसतात, बसलेले लवकर बंद होतात आणि माणूस पुढच्या काही वर्षांत त्याची किंमत मोजतो. जर्मनीत 75 वर्षांवरील 2539 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र दोन्ही पद्धती बरोबरीत राहिल्या.

म्हणून आपल्या दोन्ही सर्जनांना विचारण्याचा पहिला प्रश्न असा: आपण दर महिन्याला साधारण किती बायपास करता आणि त्यांतले किती बीटिंग हार्ट असतात? दुसरा: वडिलांना नेमके किती ग्राफ्ट लागतील, मागच्या बाजूच्या धमनीवर बीटिंग हार्ट पद्धतीने ग्राफ्ट बसवता येईल याची आपल्याला खात्री आहे का, की ती धमनी सोडून द्यावी लागेल? तीन ग्राफ्टची गरज असताना किडनीच्या काळजीने दोनच बसवले, तर तो सौदा वाईट आहे. रक्तपुरवठा अपुरा राहिलेले हृदय पुढे कमजोर होते, आणि कमजोर हृदयामागे असलेले मूत्रपिंड कोणत्याही औषधाने टिकत नाही.

मी स्वतः कोणाच्या बाबतीत बीटिंग हार्टकडे झुकतो? ज्यांच्या सीटी स्कॅनमध्ये महाधमनीच्या भिंतीवर चुन्याचा जाड थर दिसतो, ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, ज्यांच्या धमन्या बऱ्यापैकी रुंद आहेत, आणि मुख्य म्हणजे जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि साहाय्यक यांची रोजची पद्धत तीच आहे. अशा संघात दोन्ही मॅमरी धमन्या वापरून, एकीला दुसरी वाय आकारात जोडून, महाधमनीला हातही न लावता सगळे ग्राफ्ट पूर्ण करता येतात. कण सुटण्याचा धोका टाळण्याचा याहून चांगला मार्ग नाही. मधुमेहात दोन्ही मॅमरी काढल्यास छातीचे हाड भरून येण्यात आणि जखमेच्या संसर्गात अडचण येऊ शकते, तेवढे मात्र तोलून पाहावे लागते. उलट धमन्या बारीक आणि लांबवर रोगट असतील, हृदय फुगलेले असेल, मायट्रल झडप गळत असेल, तर पंपावर शांतपणे केलेली शस्त्रक्रियाच मला सुरक्षित वाटते. पंप लावून पण हृदय न थांबवता करण्याचा एक मधला मार्गही आहे. त्यात दाब घसरत नाही आणि हृदयाला थांबवण्याचा ताणही टळतो, पण पंपाचे इतर परिणाम राहतातच.

पंप वापरायचे ठरले तर तो कसा चालवला जातो याला फार महत्त्व आहे, आणि ते परफ्यूजनिस्टच्या, म्हणजे पंप चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या, हातात असते. शरीराला दर मिनिटाला किती प्राणवायू पोचतो, म्हणजे प्रवाह आणि हिमोग्लोबिन यांचा गुणाकार, हे सतत मोजत राहून तो शरीराच्या दर चौरस मीटरला 280 मिलिलिटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही, या तत्त्वावर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत मूत्रपिंडाची सौम्य इजा कमी झाली. गंभीर इजेवर मात्र परिणाम दिसला नाही. हिमोग्लोबिन उतरले तर प्रवाह वाढवायचा, नळ्या आखूड ठेवायच्या, सुरुवातीचा द्रव शक्य तेवढा रुग्णाच्याच रक्ताने बदलायचा, गरम करताना घाई करायची नाही, आणि साखर 180 च्या आसपास किंवा खाली ठेवायची. यांपैकी कशालाही महागडे यंत्र लागत नाही, लक्ष लागते.

ग्राफ्टसाठी कोणती रक्तवाहिनी काढायची, यासंबंधी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण ती बऱ्याचदा कोणाच्याच ध्यानात येत नाही. ज्यांचे मूत्रपिंड पुढे कधी तरी डायलिसिसपर्यंत जाऊ शकते, त्यांच्या हातातील रेडियल धमनी ग्राफ्टसाठी काढू नये. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करायला तीच लागते. शक्य असेल तर अशा रुग्णाची अँजिओग्राफीही मनगटातून करण्यापूर्वी हा विचार व्हावा. तसेच डावी मॅमरी धमनी हृदयाला जोडलेली असताना पुढे डाव्याच हातात फिस्टुला केला, तर तो त्या बाजूच्या मुख्य धमनीतील रक्त आपल्याकडे ओढून घेतो, आणि डायलिसिस सुरू असताना छातीत दुखू शकते. त्यामुळे कोणता हात राखून ठेवायचा हे बायपासपूर्वीच नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून ठरवावे, आणि त्या हातावर सलाइनची सुई टोचू नका असे वॉर्डमधल्या परिचारिकांना स्पष्ट सांगावे.

शस्त्रक्रियेआधीच्या दिवसांविषयी. अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या डायमुळे मूत्रपिंडावर ताण आलेला असतो, म्हणून तातडी नसेल आणि छातीत दुखणे आटोक्यात असेल, तर क्रिएटिनिन पूर्वपदावर येईपर्यंत काही दिवस थांबणे शहाणपणाचे असते. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल किंवा औषधे देऊनही दुखणे थांबत नसेल, तर मात्र किडनीसाठी हृदयाला ताटकळत ठेवू नये. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाची पातळी तपासून शिरेतून लोह देता येते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत पांडुरोग असतोच, आणि शस्त्रक्रियेआधी तो सुधारला तर रक्त चढवण्याची गरज कमी होते. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या साधारणपणे एक दिवस आधी थांबवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या किमान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, कारण उपवास आणि शस्त्रक्रियेच्या ताणात साखर सामान्य दिसत असतानाही रक्तात कीटोन वाढू शकतात. मेटफॉर्मिनविषयी ईजीएफआर पाहून निर्णय घेतला जातो. गुडघेदुखीसाठी वडील दुकानातून आणून डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या गोळ्या घेत असतील, तर त्या आजच बंद कराव्यात. हे विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते.

किडनी वाचवणारे एखादे इंजेक्शन देता येईल का, असेही नातेवाईक विचारतात. अल्प मात्रेतील डोपामिन, फेनोल्डोपाम, सोडाबायकार्ब, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, शस्त्रक्रियेच्या तोंडावर दिलेले जास्त मात्रेचे स्टॅटिन, या सगळ्यांची तपासणी झाली आहे आणि त्यांपैकी कशानेही अपेक्षित संरक्षण मिळाले नाही. लघवी वाढवण्यासाठी दिलेले फ्युरोसेमाइड पिशवीतला आकडा वाढवते, मूत्रपिंड वाचवत नाही. यात 2024 मध्ये एक आशादायक भर पडली: 3511 रुग्णांच्या चाचणीत शिरेतून अमिनो आम्लांचे मिश्रण दिल्यावर मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण 31.7 वरून 26.9 टक्क्यांवर आले. त्याआधी 2017 मधील एका जर्मन चाचणीत, धोका जास्त असल्याचे लघवीच्या तपासणीवरून ओळखलेल्या 276 रुग्णांत रक्तदाब, द्रवपदार्थ, साखर आणि अपायकारक औषधे यांकडे काटेकोर लक्ष देण्याने हे प्रमाण 71.7 वरून 55.1 टक्क्यांवर आले होते. त्यात नवे औषध एकही नव्हते. जे सगळ्यांना माहीत आहे ते ठरल्याप्रमाणे, न चुकता केले, एवढेच.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी क्रिएटिनिन सामान्य आले म्हणून निश्चिंत होऊ नये. ते उशिरा वाढते; खरे चित्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. 48 तासांत 0.3 ने वाढ झाली किंवा लघवी सलग सहा तास दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती इजेची सुरुवात मानतात. 60 किलोच्या माणसासाठी हा हिशेब तासाला 30 मिलिलिटर येतो, आणि पिशवीवरच्या खुणांवरून तो नातेवाइकांनाही कळतो. लघवी कमी झाली की सलाइन वाढवायचे हा सरसकट उपायही घातक आहे, कारण हृदयाचा उजवा भाग अशक्त असेल तर शिरांत रक्त तुंबते आणि तुंबलेले मूत्रपिंड आणखी कमी लघवी करते. द्रव द्यायचा की काढायचा, हे इकोवर हृदय पाहून ठरवावे.

वॉर्डमधली एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण आयसीयूतून बाहेर येतो, छातीचे हाड आणि पायाची जखम दुखत असते, आणि रात्रपाळीला कोणीतरी चांगल्या हेतूने डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅकचे इंजेक्शन देते. सुधारत आलेले क्रिएटिनिन अशा एका इंजेक्शनानंतर पुन्हा वर जाताना मी पाहिले आहे. वडिलांना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि गरजेनुसार ट्रामाडॉल किंवा फेंटानिलसारखी औषधे, तीही मात्रा जपून द्यावीत, असे केस पेपरच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्यावे. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके टाळता येत असतील तर टाळावीत, आणि व्हँकोमायसिन द्यावेच लागले तर रक्तातील पातळी मोजून द्यावे.

डायलिसिसच्या भीतीविषयी. वर सांगितलेल्या 'कॉरोनरी' चाचणीत 30 दिवसांत नव्याने डायलिसिस लागण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सुमारे एक टक्का होते. वडिलांचा ईजीएफआर 38 असल्याने त्यांचा धोका या सरासरीहून जास्त धरावा लागेल, तरीही बहुतेक अशा रुग्णांना डायलिसिस लागत नाही. लागले तरी ते कायमचेच असते असे नाही; काही आठवड्यांत मूत्रपिंड पुन्हा काम करू लागलेले अनेक रुग्ण आहेत. केवळ क्रिएटिनिन वाढते आहे म्हणून लवकर डायलिसिस सुरू केल्याने जीव वाचण्याचे प्रमाण वाढत नाही, हे 2020 मधील सुमारे तीन हजार अतिगंभीर रुग्णांच्या चाचणीत दिसले. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले, रक्त आम्लयुक्त झाले किंवा फुप्फुसांत पाणी साचले आणि औषधांनी ते हटत नसेल, तर मात्र उशीर करू नये. त्यासाठी नळी घालायची वेळ आली तर ती मानेच्या शिरेतून घालावी, गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून नको, कारण ती शीर पुढे अरुंद झाली तर त्या हातात फिस्टुला टिकत नाही.

किडनीसाठी बायपासच टाळावा का, हाही विचार आपल्या मनात असणार. ज्यांचा ईजीएफआर 30 च्या खाली आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत, अशा स्थिर लक्षणांच्या 777 रुग्णांच्या 2020 मधील चाचणीत आधी औषधोपचारच करण्याच्या तुलनेत अँजिओग्राफी व त्यानंतरच्या स्टेंट-बायपासचा वरचढ फायदा दिसला नव्हता. परंतु वडील त्या गटात बसत नाहीत, आणि मधुमेह असून तिन्ही धमन्यांत अडथळे असताना स्टेंटपेक्षा बायपासने आयुष्य वाढते हे 2012 मध्ये 1900 मधुमेही रुग्णांच्या चाचणीत स्पष्ट झाले आहे. त्यामुळे आपण दिलेल्या माहितीवरून मला शस्त्रक्रिया योग्य वाटते.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे, नंतर महिन्याने, आणि तीन महिन्यांनी लघवीतील अल्ब्युमिनसह पुन्हा. शस्त्रक्रियेआधी थांबवलेल्या रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या परत सुरू करायच्या राहून जातात, हे फार वेळा घडते. जेवण नीट सुरू झाल्यावर आणि क्रिएटिनिन स्थिरावल्यावर त्या आणि साखरेच्या गोळ्या कोणत्या क्रमाने सुरू करायच्या, हे डिस्चार्ज कार्डवर तारखेसह लिहून घ्या. तीन महिन्यांनी येणारा आकडा हाच वडिलांचा नवा पाया धरून नेफ्रॉलॉजिस्ट पुढची औषधे ठरवतील.